बघ्यांच्या गर्दीचं गणित

भररस्त्यात एकाने दुसऱ्याची गचांडी धरली, मारहाण झाली, भोवती गर्दी जमली आणि कुणी मध्ये पडलं नाही. अशी बातमी वाचली की आपला निष्कर्ष तयारच असतो: माणुसकी राहिली नाही. मानसशास्त्रज्ञ गेली साठ वर्षं या बघ्यांचा अभ्यास करताहेत. त्यांना जे दिसलं त्यात निर्दयपणा फारसा नाही. गोंधळ मात्र पुष्कळ आहे.

या अभ्यासाचं मूळ एका खुनात आहे. 13 मार्च 1964 च्या पहाटे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात किटी जेनोव्हीज या 28 वर्षांच्या तरुणीवर तिच्या घराजवळच चाकूहल्ला झाला. दोन आठवड्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापलं, की 38 सभ्य नागरिक अर्ध्या तासाहून जास्त वेळ हा प्रकार बघत होते आणि हल्ला चालू असताना एकानेही पोलिसांना कळवलं नाही. जगभर खळबळ उडाली. हीच हकिगत पुढे पाठ्यपुस्तकांतही गेली. पण तिच्यात बरंच काही चुकलेलं होतं. बहुतेकांनी हल्ला पाहिलाच नव्हता, फार तर ओरडण्याचा आवाज ऐकला होता. एकाने खिडकीतून दरडावल्यावर हल्लेखोर पळालाही होता. तो नंतर परत आला. आणि शेवटी एक शेजारीण जिवावर उदार होऊन खाली धावली व जखमी किटीला कवेत घेऊन बसली. आपल्या त्या वृत्तांतात दोष होते हे त्याच वर्तमानपत्राने 2016 मध्ये मान्य केलं.

बातमी सदोष असली तरी तिच्यातून प्रश्न चांगला निघाला. जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1968 मध्ये विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि माइक व हेडफोनवरून एकमेकांशी बोलायला सांगितलं. बोलता बोलता एकाचा आवाज अडखळू लागला. आपल्याला फिट येतेय, कुणीतरी मदत करा, असं म्हणत तो गुदमरल्यासारखा झाला आणि शांत झाला. तो आवाज अर्थातच आधी ध्वनिमुद्रित केलेला होता. हे ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले 85 टक्के जण झटका संपायच्या आत मदत मागायला बाहेर पडले. आणखी एकजण ऐकतोय असं वाटत असताना हे प्रमाण 62 टक्क्यांवर आलं आणि आणखी चौघे ऐकताहेत असं वाटत असताना 31 टक्क्यांवर. जे जागचे हलले नाहीत ते थंड बसले होते असंही नाही. त्यांच्या हातांना कंप सुटला होता, तळवे घामेजले होते. संशोधक खोलीत येताच त्यांनी विचारलं, त्या मुलाचं काय झालं, तो बरा आहे ना?

85 वरून 31 ही घसरण सगळे सांगतात. मला मात्र इथे आणखी एक हिशेब करावासा वाटतो, आणि तो मांडायला शाळेतलं गणित पुरतं. पाच जण खरोखरच ऐकत आहेत आणि प्रत्येकाने उठण्याची शक्यता 31 टक्के आहे असं धरा. म्हणजे एकाने न उठण्याची शक्यता 69 टक्के. पाचांपैकी एकही न उठण्याची शक्यता 0.69 चा पाचवा घात, म्हणजे जेमतेम 16 टक्के. तेव्हा कुणीतरी उठण्याची शक्यता झाली 84 टक्के, एकट्या ऐकणाऱ्याच्या 85 टक्क्यांच्या अगदी जवळ! दोघांचा हिशेबही तसाच जुळतो. जो तो दुसऱ्यावर भार टाकतो हे खरं, पण अडचणीतल्या माणसाचं नशीब त्यामुळे तेवढं फिरत नाही. ‘मी मदत करीन का’ आणि ‘त्याला मदत मिळेल का’ हे दोन निराळे प्रश्न आहेत आणि चर्चेत आपण त्यांची सर्रास गल्लत करतो.

अर्थात हे गणित चालतं ते बघे एकमेकांपासून अलग असतील तर. समोरासमोर बसले की एकाच्या वागण्याचा रंग दुसऱ्याला लागतो. याच जोडीच्या दुसऱ्या प्रयोगात एका खोलीत प्रश्नावली भरायला लोक बसवले आणि भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडला. एकट्या बसलेल्यांपैकी 75 टक्के जणांनी बाहेर येऊन सांगितलं. मग सोबत संशोधकांची आधीच पढवलेली दोन माणसं बसवली. ती धुराकडे एकदा बघत, खांदे उडवत आणि पुन्हा लिहायला लागत. आता दहापैकी फक्त एकजण उठला. बाकीचे नऊ जण खोकत होते, डोळे चोळत होते, धूर हाताने बाजूला सारत होते आणि प्रश्नावली भरत होते! नंतर कुणी म्हणालं वाफ असेल, कुणी म्हणालं एअर कंडिशनरचं काही असेल. दोघांनी तर खरं बोलायला लावणारा वायू सोडला असेल असाही तर्क लढवला. शेजारचा शांत आहे, त्याअर्थी काही विशेष नसावं. आणि शेजारचाही आपल्याकडे बघून हेच ठरवत असतो.

‘दोघांच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये’ हा सल्ला तर या गोंधळात भरच घालतो. 1976 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पुरुष एका बाईशी झटापट करतोय असं नाटक रचलं होतं. ती ‘मी तुला ओळखत नाही’ असं ओरडली तेव्हा 65 टक्के बघे मध्ये पडले. ‘तुझ्याशी लग्न का केलं मी!’ असं ओरडली तेव्हा 19 टक्के. झटापट तीच होती. नवरा-बायकोचं आहे म्हटल्यावर लोकांनी हात आखडता घेतला.

याउलट, काम कुणाचं हे ठरलेलं असेल तर लोक चकित करतात. न्यूयॉर्कजवळच्या जोन्स बीचवर संशोधकांच्या माणसाने शेजारच्याला ‘जरा सामानाकडे लक्ष ठेवाल?’ असं विचारलं आणि तो उठून गेला. थोड्या वेळाने नकली चोर येऊन त्याचा रेडिओ उचलून चालता झाला. ज्यांनी हो म्हटलं होतं त्या वीसपैकी 19 जणांनी चोराला हटकलं. ज्यांना असं काही सांगितलं नव्हतं त्यांच्यात वीसपैकी फक्त चौघांनी. म्हणून संकटात सापडलेल्याने नुसतं ‘वाचवा’ म्हणण्यापेक्षा एकाकडे बोट दाखवून ‘अहो निळा शर्टवाले, पोलिसांना फोन लावा’ म्हणणं जास्त कामाचं.

प्रयोग सोडून खऱ्या रस्त्यावर काय होतं, हे आता कॅमेऱ्यांमुळे कळू लागलंय. ब्रिटन, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिका या तीन देशांतल्या शहरांमधल्या 219 भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण संशोधकांनी तपासलं. दर दहापैकी नऊ भांडणांत किमान एक बघ्या मध्ये पडला होता आणि गर्दी जितकी मोठी तितकी कुणीतरी पुढे येण्याची शक्यता जास्त होती. उघडउघड मारामारी दिसत असते तेव्हा ‘धूर आहे की वाफ’ हा प्रश्नच उरत नाही, हे त्याचं एक कारण असावं.

मग मध्ये पडावं का? माझं उत्तर हो असं आहे, पण मध्ये पडणं म्हणजे सिनेमातल्यासारखं अंगावर धावून जाणं नव्हे. समोरच्याच्या हातात शस्त्र असेल तर लांबूनच फोन करावा, आजूबाजूच्यांना हाका माराव्यात, दिसलेलं पोलिसांना नीट सांगावं. तीही मदतच आहे आणि त्यात भ्याडपणा काही नाही. नुसती बाचाबाची असेल तर पीडित व्यक्तीला पत्ता विचारण्याचा बहाणा करूनही भांडणाचा जोर मोडता येतो. घरगुती मामला वाटत असेल तर सरळ तिलाच विचारावं, ‘तुम्ही ठीक आहात ना?’

कॅमेऱ्यात दिसलेले लोकही असंच काहीबाही करत होते. कुणी दोघांच्या मधे उभं राहत होतं, कुणी हात खाली दाबत ‘शांत व्हा’ असं खुणावत होतं, कुणी तापलेल्याच्या दंडाला धरून त्याला बाजूला नेत होतं. ब्रिटनमधल्या अशाच चित्रणाच्या आधीच्या एका अभ्यासात असंही दिसलं होतं, की एकट्यादुकट्याने समजूत घातली तर भांडण निवेलच असं नाही. पण त्याच्या पाठोपाठ दुसरा, तिसरा पुढे आला की हाणामारीपर्यंत गोष्ट जाण्याची शक्यता कमी होते.