माळावरचं जंगल मोजणीत का दिसत नाही?

भारतीय वन सर्वेक्षणाच्या हिशेबात वनाच्छादन म्हणजे किमान 1 हेक्टर जागा आणि त्यातली किमान 10 टक्के जमीन झाडांच्या माथ्यांखाली. झाड कुठलं, जमीन कुणाची, हे बघितलं जात नाही. त्यामुळे केसर आंब्याची दाट बाग त्यात मोजली जाऊ शकते, आणि बालाघाटाच्या डोंगररांगेवरचा, पवन्या-मारवेल या गवतांचा माळ, ज्यात मधूनच एखादा हिवर नि बोर उभी असते, तो शून्यात जातो. लातूर जिल्ह्याचं वनाच्छादन 1 टक्क्याच्याही आत दिसतं, त्यात या मोजपट्टीचाही वाटा आहे. सातबाऱ्यावर असा माळ बहुतेकदा पोटखराब, म्हणजे लागवडीला अयोग्य, म्हणून पडून असतो. मग खडी केंद्र असो, प्लॉटिंग असो की सौर प्रकल्प, पहिलं बोट त्याच्यावरच ठेवलं जातं.

पण हा माळ म्हणजे उजाड झालेलं जंगल नव्हे. काळ्या पाषाणावर वीतभर मुरूम, वर्षाला 700 मिलीमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत आटोपणारा. अशा जागी गवतच जास्त टिकाऊ. त्याचा बराचसा जीव जमिनीखाली, मुळांत असतो. वणवा लागला तरी वरचं पान जळतं, मुळांतला कार्बन जागेवर राहतो आणि पहिल्या पावसाला फुटवे येतात.

कुसळी गवताचंच बघा. धोतराला, सॉक्सला चिकटणाऱ्या या कुसळाला आपण शिव्याच घालतो, पण ते छोटं यंत्र आहे. बियाच्या मागची लांब शेपटी कोरडी असताना पिळलेली असते. दव किंवा पाऊस लागला की पीळ सुटतो, ऊन पडलं की परत बसतो. या उलटसुलट फिरण्यानं बी गिरमिटासारखं जमिनीत घुसतं, आणि टोकाचे उलटे केस त्याला मागे सरकू देत नाहीत. वरून आग गेली तरी आत रुतलेलं बी वाचतं. चराई जास्त झाली की पवन्या मागे हटतो आणि कुसळी पुढे येते. माळ किती थकलाय, हे जुना गुराखी नुसत्या गवतावरून सांगतो.

झाडांची गोष्ट आणखी अवघड आहे. धावड्याला बी भरपूर येतं, पण त्यातलं बहुतेक पोकळ निघतं, उगवण अगदी कमी. जुना धावडा मुळासकट उपटून काढला, तर ‘बदल्यात दहा रोपं लावू’ या आश्वासनात धावडा सहसा नसतोच. गिरिपुष्प किंवा निलगिरी असते.

अशी जुनी झाडं आज कुठं टिकलीत? बऱ्याचदा देवापाशी. येडशीजवळच्या रामलिंग घाटाला 1997 पासून सुमारे 22 चौरस किलोमीटरच्या अभयारण्याचं संरक्षण आहे, पण त्याआधीपासून लोक तिथं जटायूची जागा मानतात. माहूरगडाच्या आसपासचं सागाचं रानही रेणुकेच्या पंचक्रोशीत आहे.

मात्र श्रद्धा कागदावर चढत नाही. निजामाच्या काळापासून देवळांच्या, दर्ग्यांच्या सेवेसाठी दिलेल्या खिदमतमाश जमिनी मराठवाड्यात आहेत, आणि अशा जमिनींची खरेदी-विक्री हा इथला जुना तंटा आहे. 18 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं राजस्थानातल्या देवराया, म्हणजे ओरण, मोजून त्यांना वनाचा दर्जा द्यायला सांगितलं. समुदाय राखीव क्षेत्राचा मार्गही सुचवला. वन्यजीव कायद्याच्या कलम 36-C मधली ही सोय खाजगी किंवा गावाच्या जमिनीला लागू होते. एकदा घोषणा झाली की राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही.

सौर ऊर्जेला माझा विरोध नाही. दिवसा वीज मिळाली तर रात्री-बेरात्री मोटार सुरू करायला जाणारा शेतकरी साप-विंचवापासून वाचेल. आक्षेप आहे तो प्रकल्पासाठी माळाची पाहणी होते त्या वेळेला. चैत्रात माळ बघितला तर पिवळं खळं दिसणारच. तीच पाहणी भाद्रपदात करा. तेव्हा पवन्या कमरेला लागतो. जैवविविधता कायदा, 2002 प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीला समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. गायरान भाड्यानं देण्याचा ठराव सभेपुढे येण्याआधी त्या वहीत गट क्रमांकासह माळावरची गवतं, झाडं, पाणवठे आणि देवाची ठाणी चढलेली असली, तर हरकत घेणाऱ्याच्या हातात निदान एक सरकारी कागद असतो.