फोक्सवॅगनची डिझेल भानगड आणि त्यामागचं रसायन

आपल्याकडे गाड्यांचा विषय निघाला की फोक्सवॅगनबद्दल दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, दरवाजा लावताना काय भरीव आवाज येतो राव, आणि दोन, गाडी एक नंबर पण सर्व्हिसिंगला खिसा रिकामा. पोलो टीडीआयवाले तर अजूनही पिकअपचं इतकं कौतुक करतात की समोरच्याला जांभया यायला लागतात. पण २०१५ साली या कंपनीची जगभर जी नाचक्की झाली तिचा ना दरवाजाशी संबंध होता ना पिकअपशी. ती झाली धुरातला एक वायू टेस्टमध्ये कमी दाखवायच्या चलाखीमुळे, आणि तो वायू तयार कसा होतो, डिझेल इंजिनात त्याला आवरणं इतकं अवघड का, हे कळलं की अर्धी भानगड तिथेच उलगडते. पेपरात तेव्हा दंडाचे आकडे भरपूर छापून आले, रसायन फारसं कुणी सांगितलं नाही.

आधी थोडा इतिहास, कारण या कंपनीचा जन्मच मुळात वादग्रस्त आहे. हिटलरला सामान्य जर्मन माणसाला परवडेल अशी गाडी हवी होती, १९३४ मध्ये डिझाइनचं काम फर्डिनांड पोर्शकडे गेलं आणि १९३८ मध्ये कारखान्याची पायाभरणी झाली, तिथेच आज वोल्फ्सबुर्ग शहर आहे. लोकांनी दर आठवड्याला पाच मार्कांचं तिकीट वहीत चिकटवायचं आणि वह्या भरल्या की गाडी घ्यायची अशी योजना होती. तीन लाखांहून जास्त लोकांनी पैसे भरले आणि युद्ध संपेपर्यंत एकालाही गाडी मिळाली नाही, कारण कारखान्यात लष्करी गाड्या बनायला लागल्या होत्या, आणि त्याही वेठीला धरलेल्या हजारो माणसांकडून.

युद्ध संपल्यावर कारखाना ब्रिटिशांच्या ताब्यात आला. मेजर आयव्हन हर्स्ट नावाच्या अधिकाऱ्याने बॉम्बहल्ल्यांत पडझड झालेल्या त्या शेडमध्ये पुन्हा काम सुरू केलं, ब्रिटिश लष्कराने वीस हजार गाड्यांची ऑर्डर दिली आणि पोर्शची ती गाडी, म्हणजेच बीटल, जगली. बीटलचं इंजिन मागे, तेही हवेवर थंड होणारं, म्हणजे रेडिएटर नाही, पाणी नाही, थंडीत गोठायचा प्रश्न नाही, थोडक्यात बिघडायला जागाच कमी. कंपनीचं नाव झालं ते या साधेपणामुळे. फेब्रुवारी १९७२ मध्ये १,५०,०७,०३४ वी बीटल बाहेर पडली आणि फोर्डच्या मॉडेल टीचा विक्रम मोडला, आणि या जुन्या बीटलची शेवटची गाडी २००३ मध्ये मेक्सिकोतल्या पुएब्लामध्ये बनली तेव्हा एकूण आकडा २,१५,२९,४६४ झाला होता. (जाता जाता, वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात १९७३ पासून सॉसेजही बनतात, त्यांना रीतसर पार्ट नंबर आहे, १९९ ३९८ ५०० ए, आणि काही वर्षी कंपनीने फोक्सवॅगन गाड्यांपेक्षा सॉसेज जास्त बनवलेत. खोटं नाही.)

आता डिझेलकडे येऊ. १९८९ मध्ये याच ग्रुपच्या ऑडी १०० गाडीत टीडीआय इंजिन आलं, त्यात डिझेल थेट सिलिंडरमध्ये मारलं जातं, वर टर्बो आणि हे सगळं सांभाळायला इलेक्ट्रॉनिक्स. ताकद चांगली, ॲव्हरेज भन्नाट. डिझेल गाडी पेट्रोलपेक्षा कमी इंधन पिते म्हणून कार्बन डायऑक्साइड कमी सोडते, आणि युरोपात टॅक्स त्या हिशोबाने लागायला लागले तशी डिझेल गाड्यांची तिथे चलती झाली. सगळं छान चाललेलं, फक्त नॉक्स आडवा आला.

नॉक्स म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइडं. हे डिझेलमधून येत नाहीत, हवेतून येतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि एरवी तो कुणाच्या वाटेला जात नाही, पण सिलिंडरमध्ये तापमान साधारण दीड हजार अंश सेल्सिअसच्या वर गेलं की तो ऑक्सिजनशी जुळायला लागतो आणि नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, त्याचं पुढे बाहेरच्या हवेत नायट्रोजन डायऑक्साइड होतं. श्वासनलिकेला त्रास, दमेकऱ्यांना जास्त त्रास, शिवाय उन्हात यातून ओझोन बनतो आणि बारीक धूलिकणही बनतात. आणि गंमत अशी की जितकं ज्वलन गरम आणि कडक तितकं ॲव्हरेज चांगलं आणि काजळी कमी, पण नॉक्स जास्त. नॉक्स कमी करायला जळालेला थोडा धूर परत इंजिनात फिरवून ज्वलन थंड केलं की काजळी वाढते. एक दाबलं की दुसरं वर येतं, इंजिनवाले आयुष्यभर याच कात्रीत अडकलेले असतात.

मग पेट्रोल गाडीला हा त्रास का नाही? तिथे हवा आणि पेट्रोल अगदी मोजून, १४.७ ला १ या वजनी प्रमाणात, घेतात, त्यामुळे धुरात जादा ऑक्सिजन उरत नाही आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नॉक्सचा ऑक्सिजन काढून घेऊन साधा नायट्रोजन बाहेर सोडू शकतो. डिझेल इंजिन मात्र कायम गरजेपेक्षा जास्त हवा ओढतं, धुरात ऑक्सिजन भरपूर, आणि एवढा ऑक्सिजन आजूबाजूला असताना नॉक्समधून ऑक्सिजन काढून घ्यायचं काम त्या कन्व्हर्टरला जमतच नाही.

यावर दोन इलाज. एकात बेरियमच्या संयुगांचा थर असतो, तो नॉक्स धरून ठेवतो आणि थर भरला की इंजिन थोडा वेळ जास्त डिझेल मारून तो साफ करतं. यात डिझेल जास्त जातं आणि काजळीही जास्त होते, तिने काजळीचा फिल्टर लवकर खराब होतो. दुसरा इलाज युरियाचा. ३२.५ टक्के युरिया आणि बाकी पाणी असं द्रावण धुरात फवारायचं, त्यातून अमोनिया निघतो आणि तो नॉक्सशी जुळून नायट्रोजन आणि पाणी बनतं. हायवेच्या पंपावर ट्रकवाले निळ्या झाकणाच्या टाकीत जे ओततात ते हेच. काम चोख करतं पण टाकी, पंप, सेन्सर हा सगळा खर्च, आणि द्रावण संपलं की भरावं लागतं.

फोक्सवॅगनला अमेरिकेत डिझेल गाड्या विकायच्या होत्या आणि तिथली मर्यादा मैलाला ०.०७ ग्रॅम नॉक्स होती, म्हणजे किलोमीटरला साधारण ०.०४३ ग्रॅम. त्या काळात आपल्याकडे बीएस४ या प्रदूषणाच्या नियमात डिझेल कारला ०.२५ चालत होतं, म्हणजे जवळपास सहापट सूट. जेट्टा गाडीत बेरियमवाला इलाज बसवला आणि पसाट गाडीत युरियाचा. पण बेरियमवाला नीट चालवला तर काजळीचा फिल्टर वॉरंटीत टिकत नव्हता, आणि युरिया हवा तेवढा फवारला तर दोन सर्व्हिसिंगच्या मधेच टाकी रिकामी होऊन गिऱ्हाईक वैतागणार. इमानदारीचे रस्ते होते, टाकी मोठी करा, किंमत वाढवा, नाहीतर ॲव्हरेज कमी आहे म्हणून सांगा. त्यांनी चौथा रस्ता धरला.

अमेरिकेत प्रदूषणाची टेस्ट रस्त्यावर व्हायची नाही, लॅबमध्ये रोलरवर व्हायची. त्या टेस्टचा वेग सेकंदासेकंदाला ठरलेला, १,८७४ सेकंद आणि १७.७७ किलोमीटर, दर वेळी तेच. म्हणजे पेपर आधीच फुटलेला. इंजिनच्या कंट्रोल युनिटमध्ये असं सॉफ्टवेअर टाकलं की स्टिअरिंग किती वळतंय, वेग किती, इंजिन किती वेळ चालू आहे, हवेचा दाब किती, हे बघून गाडीला कळावं की आपण टेस्टवर आहोत. टेस्टवर असली की सगळे इलाज पूर्ण क्षमतेने चालू, रस्त्यावर आली की ढिले. चाकं फिरतायत आणि स्टिअरिंग अर्धा तास हललंच नाही, अशी गाडी लॅबमध्येच असणार ना.

फेलिक्स डोमके नावाच्या एका जर्मन हॅकरने डिसेंबर २०१५ मध्ये हॅम्बुर्गच्या एका परिषदेत हे सॉफ्टवेअर उघडून दाखवलं. किती वेळात किती अंतर कापलं याच्या रेषा त्यात साठवलेल्या होत्या, गाडीचं अंतर त्या पट्ट्यात राहिलं तर टेस्ट समजायची आणि पट्ट्याबाहेर गेलं की युरिया कमी. या भागाचं नाव काय ठेवलेलं तर 'अकूस्टिक फंक्शन', म्हणजे आवाजाशी संबंधित काहीतरी आहे असं वाटावं. कोडमध्ये असली साळसूद नावं बघितली की मला तरी दंडाच्या आकड्यांपेक्षा जास्त राग येतो, कारण ती टाइप करणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

पकडलं कुणी? सरकारने नाही. आयसीसीटी नावाच्या, गाड्यांच्या प्रदूषणावर अभ्यास करणाऱ्या संस्थेला दाखवायचं होतं की अमेरिकेतल्या डिझेल गाड्या स्वच्छ आहेत, बघा युरोपवाल्यांनो, कडक नियम असले की जमतं. त्यांनी काम दिलं वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीला, तिथे डॅन कार्डर यांच्या हाताखाली मार्क बेश आणि आपले दोन भारतीय, अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा. डिकीत मोजणीची यंत्रं, मागे जनरेटर, एक नळी सायलेन्सरला, आणि निघाले कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर, पसाट तर थेट लॉस एंजेलिसहून सिॲटलपर्यंत नेऊन आणली. धावत्या गाडीत नॉक्स मोजायची ही कला या युनिव्हर्सिटीकडे आधीच होती, कारण १९९८ मध्ये ट्रकची इंजिनं बनवणाऱ्या कंपन्या जवळपास अशाच चलाखीत सापडल्या होत्या आणि त्या तडजोडीच्या अटींतूनच रस्त्यावर मोजायच्या यंत्रांचं काम सुरू झालं होतं. फोक्सवॅगनचंही हे पहिलं प्रकरण नव्हतं बरं का, १९७४ मध्ये प्रदूषण यंत्रणा बंद करणाऱ्या टेंपरेचर स्विचच्या प्रकरणात कंपनीने १,२०,००० डॉलर भरून विषय मिटवला होता, अर्थात चूक कबूल न करता.

रस्त्यावर जेट्टाचा नॉक्स मर्यादेच्या १५ ते ३५ पट निघाला, पसाटचा ५ ते २० पट. सोबत घेतलेली बीएमडब्ल्यू एक्स५ बहुतेक ठिकाणी मर्यादेत राहिली, म्हणजे इमानदारीत जमत होतं. आणि याच दोन गाड्या कॅलिफोर्नियाच्या सरकारी लॅबमध्ये रोलरवर चढवल्या तर छान पास! पोरांना आधी वाटलं यंत्रंच बिघडली, पुन्हा पुन्हा तपासली. मे २०१४ मध्ये अहवाल आला, पुढे वर्षभर कंपनी काहीबाही कारणं देत राहिली, डिसेंबरमध्ये सॉफ्टवेअर अपडेटसाठी अमेरिकेत सुमारे पाच लाख गाड्या परतही बोलावल्या, पण कॅलिफोर्नियावाल्यांनी परत मोजल्या तर फरक फार नाही. शेवटी २०१६ च्या मॉडेल्सना परवानगीच देत नाही म्हटल्यावर कंपनीने तोंड उघडलं आणि १८ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने नोटीस काढली. त्याच वर्षी पहिल्या सहा महिन्यांत कंपनीने विक्रीत टोयोटाला मागे टाकलं होतं.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे, जगभर सुमारे १.१ कोटी गाड्या, पाच दिवसांत प्रमुख मार्टिन विंटरकॉर्न यांचा राजीनामा, अमेरिकेत आधी १,४७० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड आणि मग गुन्हा कबूल करून आणखी ४३० कोटी, सगळं धरून ३ हजार कोटी युरोंच्या वर. मे २०२५ मध्ये ब्राउनश्वाइगच्या कोर्टाने चार माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं, दोघांना तुरुंगवास. २०१८ मध्ये अजून एक किळसवाणा प्रकार बाहेर आला, जर्मन कार कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या एका संस्थेने डिझेल आता स्वच्छ आहे हे सिद्ध करायला अमेरिकेत दहा माकडांना बंद खोक्यांत बसवून, समोर कार्टून लावून, नव्या डिझेल बीटलचा धूर हुंगायला दिला होता, आणि ती बीटलसुद्धा तसलंच सॉफ्टवेअर असलेली. म्हणजे प्रयोगही खोटाच.

भारतातली गोष्ट जरा वेगळी, आणि ती बरीचशी पुण्याची आहे. पोलो, व्हेंटो चाकणच्या कारखान्यात बनायच्या आणि त्यांची तपासणी केली पुण्याच्याच एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेने. रस्त्यावर नॉक्स बीएस४ मर्यादेच्या १.१ ते २.६ पट निघाला. कंपनीने फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडी मिळून ३,२३,७०० गाड्या सॉफ्टवेअर बदलायला परत बोलावल्या, पण म्हणणं असं की भारतात रस्त्यावरच्या टेस्टचा नियमच नाही, मग नियम मोडला कुठे. तांत्रिकदृष्ट्या मुद्दा बिनतोड होता, नियम खरंच नव्हता. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड ठोकला आणि मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने सक्तीची कारवाई थांबवली. आपलं पीयूसी वगैरे यात काही कामाचं नाही, डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा दाटपणा बघतात, नॉक्स मोजतच नाहीत.

रस्त्यावरची टेस्ट युरोपात नवीन मॉडेल्सना सप्टेंबर २०१७ पासून लागली आणि आपल्याकडे एप्रिल २०२३ पासून. त्याच्या आधीच, बीएस६ आल्यावर, एप्रिल २०२० मध्ये या ग्रुपने भारतात डिझेल इंजिनं बंद करून टाकली, कारण मर्यादा ०.२५ वरून ०.०८ वर आलेली आणि छोट्या गाडीत नॉक्सचा पूर्ण बंदोबस्त करायचा तर किंमत गिऱ्हाइकाच्या पचनी पडत नाही. चाकणहून आता टायगुन आणि व्हर्टस निघतात त्या पेट्रोलच्या, त्यांचा नॉक्स तो साधा कन्व्हर्टरच बघून घेतो. मात्र पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये मारणाऱ्या या इंजिनांतून अतिसूक्ष्म कण निघतात, म्हणून बीएस६ मध्ये त्यांची चक्क मोजदाद आहे, किलोमीटरला जास्तीत जास्त ६०० अब्ज.