बॅजखालचा रंग गोंद खात नाही
गाडीचा बॅज (चिकटवलेलं नाव किंवा चिन्ह) काढला की त्याच आकाराची सावली उरते. लगेच कोणीतरी छातीठोकपणे सांगतो, ‘गोंदाने रंग खाल्ला, आता डिकी रंगवून घ्या.’ खरं तर उलट आहे. बॅजखालचा रंग जवळपास नव्यासारखा असतो. उन्हाने आणि धुण्याच्या बारीक ओरखड्यांनी उतरतो तो भोवतालचा.

त्यामुळे पॉलिश करायचं ते भोवतालच्या रंगाला. आधी हेअर ड्रायरने गोंद कोमट करा, मासे पकडायची दोरी बॅजमागे करवतीसारखी ओढा. उरलेला चिकटा अंगठ्याने घासला की त्याच्या सुरळ्या होऊन निघतो. राहिलेल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल. थिनर मात्र नको, खराखुरा रंग खाणारा तोच! मग बारीक कंपाऊंड, म्हणजे रंग घासून चकचकीत करायची पेस्ट. वरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचाच, केसाहूनही पातळ, तेव्हा बेताने. (कंपाऊंडऐवजी टूथपेस्ट नको, ती दातांसाठीच ठेवा.)

जुन्या गाडीवर पॉलिशने सावली पुसट होते, पण तिरप्या उजेडात कधीकधी दिसतेच. आणि काही बॅज खुंट्यांवर बसवलेले असतात. तिथे पत्र्याला भोकं असतात, ती बुजवून रंगवावीच लागतात.