थिंक टँक आणि त्यांचं राजकीय स्वातंत्र्य

थिंक टँक म्हणजे सरकारी धोरणांचा अभ्यास करून अहवाल काढणारी, मंत्री-अधिकारी-पत्रकार सगळ्यांना माहिती पुरवणारी संस्था. मराठीत धोरण संशोधन संस्था वगैरे शब्द आहेत पण बोलताना सगळे थिंक टँकच म्हणतात. काही सरकारच्याच असतात, उदा. २०१५ साली आलेला नीती आयोग. काही पक्षाच्या जवळच्या, जसं भाईंदरची रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी (१९८२), तिचं भाजपशी नातं उघड आहे आणि उघड असलेलं बरंच, वाचणाऱ्याला कळतं. दिल्लीची ओआरएफ (ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन) १९९० मध्ये सुरू झाली ती रिलायन्सच्या मदतीवर.

संस्था कुठल्या पक्षाची हे लोक आधी विचारतात, पण माझ्या मते पगार कुठून येतो आणि तो कोण थांबवू शकतं हे आधी बघावं. दिल्लीची सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च १९७३ पासूनची, सरकारी अनुदानही घेणारी, पण निधीचा मोठा हिस्सा परदेशी देणग्यांचा. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथे आयकर खात्याचा सर्व्हे (जागेवर जाऊन कागदपत्रांची तपासणी) झाला, २०२३ मध्ये एफसीआरएचं, म्हणजे परदेशी देणग्या घ्यायला लागणाऱ्या कायद्याखालचं, लायसन्स आधी सस्पेंड झालं आणि जानेवारी २०२४ मध्ये रद्दच. सरकार म्हणतं नियम मोडले, संस्था म्हणते नाही मोडले, तोवर बरेच संशोधक सोडून गेले. माझ्या मते हे फार मोठं नुकसान आहे, वर्षानुवर्षं जमवलेली टीम अशी फुटली की परत उभी करणं सोपं नसतं. मुळात याच कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक परदेशी देणगी आधी दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते, संस्था सांगलीची असली तरी. आणि ऑफिसचं भाडं, वीजबिल, अकाउंटंट असल्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली.

पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट बघा. १९३० मध्ये भारत सेवक समाजाने रावबहादूर काळे यांच्या देणगीतून उभी केली, धनंजयराव गाडगीळ पहिले संचालक, ते १९६६ पर्यंत, आणि पुढच्याच वर्षी नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले, म्हणजे सरकारात जाणं-येणं तेव्हाही होतंच. त्यांच्यानंतर वि. म. दांडेकर आले. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावर अभ्यास छापला, पैसा अमेरिकेच्या फोर्ड फाउंडेशनचा. १९६०-६१ मध्ये खेड्यातले ४० टक्के आणि शहरातले ५० टक्के लोक पोटापुरतं अन्न मिळेल एवढाही खर्च करू शकत नव्हते असं त्यात मांडलं, तेही ऐन 'गरिबी हटाव'च्या निवडणुकीच्या तोंडावर. पुढे या हिशोबावर अर्थतज्ज्ञांत बरेच वाद झाले, ते करता आले कारण माणशी रोजच्या २२५० कॅलरींपासून रुपयांपर्यंतची प्रत्येक पायरी कागदावर होती आणि खर्चाचे आकडे सरकारच्याच राष्ट्रीय नमुना पाहणीतून घेतलेले होते.