वाळवंटातला पाऊस वाळूत मुरतोच?

‘वाळवंटातली वाळू पाऊस पिऊन टाकते, आरव्ही (राहायची सोय असलेली मोठी गाडी) कोरड्या ओढ्यात लावली तरी चालते.’ अमेरिकेतल्या ॲरिझोना-युटाच्या सहलीला निघालेल्यांना हा सल्ला हमखास मिळतो. पटतोही, कारण ओढ्याचं पात्र सपाट आणि आडोशाचं असतं.

पण तिथली बरीचशी जमीन वाळूची नसतेच. असतो तो उघडा खडक, नाहीतर उन्हाने भाजून टणक झालेली माती. जुलै ते सप्टेंबरमधली सर एकदम कोसळते, झाडोरा विरळ. पाणी मुरण्याआधीच उताराने ओढ्यात उतरतं. डोक्यावर ऊन असतानाही लोंढा येतो, कारण पाऊस पडलेला असतो कित्येक मैल वर. ऑगस्ट १९९७ मध्ये ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीत असंच पाणी आलं आणि ११ जण दगावले. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं. (आरव्ही जड असते खरी, पण तिच्या लांब बाजूवर पाणी रेटतंही तेवढंच.)

पडताळायचंय? टणक जमिनीवर बाटलीभर पाणी ओता, किती पसरतं बघा. मग काठच्या झुडपांकडे पाहा. फांद्यांत कमरेच्या उंचीवर काटक्या, वाळलेला गाळ अडकलेला दिसला, तर मागचं पाणी तिथवर चढलं होतं. आणि हवामानाचा अंदाज मुक्कामापुरता नको, ओढ्याच्या वरच्या अंगाचाही बघा.