१९ जानेवारी २०३८ : संगणकाच्या घड्याळातील मर्यादेची पार्श्वभूमी

तारीख साठवायला किती जागा द्यायची, हा १९६०च्या दशकात खर्चाचा प्रश्न होता. ८० रकान्यांच्या छिद्रित कार्डावर नाव, खाते क्रमांक आणि रक्कम बसवताना वर्षाचे पहिले दोन अंक गाळणे सोयीचे ठरले आणि बँका, विमा कंपन्या व सरकारी खात्यांच्या कोबोल या प्रोग्रामिंग भाषेतील प्रोग्रामांत तीच पद्धत पुढे चालू राहिली. अशा प्रोग्रामांना २००० आणि १९०० या वर्षांत फरक करता येणार नव्हता. संगणकतज्ज्ञ बॉब बेमर यांनी १९७०च्या दशकातच जाहीर इशारा दिला होता, पण हे प्रोग्राम शतक संपेपर्यंत वापरात राहतील असे फारसे कोणी धरले नव्हते. अखेर १९९०च्या दशकात जगभर दुरुस्ती करावी लागली. त्या कामाचा मोठा वाटा भारतीय कंपन्यांकडे आला, आणि मुंबई-पुण्यातील अनेक मराठी अभियंते त्याच कामासाठी प्रथम परदेशी गेले. २००० साल सुरळीत उजाडले म्हणून तो धोका काल्पनिक होता असे म्हणणे, हा त्या श्रमांवर अन्याय आहे.

युनिक्स या संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीची (ऑपरेटिंग सिस्टीमची) मर्यादा मात्र वेगळी आहे आणि ती त्या दुरुस्तीत दूर झाली नाही. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या या प्रणालीत सुरुवातीला सेकंदाचे साठावे भाग मोजले जात. ३२ बिटांची (म्हणजे ० किंवा १ अशा ३२ अंकांची) ती मोजणी सुमारे सव्वादोन वर्षांतच संपणारी होती. पुढे १ जानेवारी १९७० पासूनचे पूर्ण सेकंद मोजायचे ठरले आणि ऋण संख्यांसाठी एक बिट राखल्यावर पुढची ६८ वर्षे हाती आली. प्रयोगशाळेतील छोट्या यंत्रासाठी ती पुरेशी होती. पण हीच मोजणी सी या प्रोग्रामिंग भाषेबरोबर डेटाबेस, फाइल प्रणाली, राउटर आणि कारखान्यांतील नियंत्रक यंत्रांत पसरली. भारतीय प्रमाणवेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ती २,१४,७४,८३,६४७ या कमाल आकड्यावर पोहोचेल आणि पुढच्याच सेकंदाला, दुरुस्ती न झालेल्या यंत्रांत, आकडा ऋण होऊन डिसेंबर १९०१ मध्ये जाईल.

दोष प्रकट व्हायला तो दिवस उजाडावाच लागतो असे नाही. मे २००६ मध्ये एओएलसर्व्हर हे वेब सर्व्हरचे सॉफ्टवेअर बिघडले, कारण ‘कधीच नाही’ या अर्थाने त्यात एक अब्ज सेकंदांची मुदत लिहिलेली होती आणि चालू वेळेत ती मिळवताच बेरीज २०३८ ओलांडू लागली. वीस वर्षांच्या गृहकर्जाचे हप्ते मांडणाऱ्या प्रोग्रामांपुढे हा प्रश्न २०१८ पासूनच उभा आहे. २००० सालच्या अनुभवानंतर लिहिलेले सॉफ्टवेअरही निर्दोष नव्हते : संगणकीय नोंदींचे विश्लेषण करणाऱ्या स्प्लंकच्या जुन्या आवृत्त्यांना २०२० पासून दोन अंकी वर्ष ओळखता येणार नव्हते, त्यामुळे त्याआधी तातडीने सुधारणा पुरवावी लागली.

६४ बिटांच्या मोजणीने हा प्रश्न व्यवहारात कायमचा सुटतो. युनिक्सच्या वंशातील ओपनबीएसडी या प्रणालीने २०१४ मध्ये सर्वच यंत्रांसाठी ती स्वीकारली, तर ३२ बिटी यंत्रांसाठी लिनक्स या प्रणालीच्या कर्नलमधील (गाभ्यातील) सोय २०२० च्या ५.६ आवृत्तीत पूर्णत्वाला आली. तरीही प्रत्येक प्रोग्राम नव्याने संकलित (कंपाइल) करावा लागतो, आणि भिंतीत किंवा यंत्रात बसवलेल्या उपकरणांपर्यंत ही सुधारणा पोहोचवणे अवघड आहे. लिनक्सवर आधारलेल्या डेबियन या प्रणालीने २०२५ च्या आवृत्तीत हा बदल केला, मात्र ३२ बिटी इंटेल रचनेचा अपवाद ठेवून. तिथे आधीच तयार असलेले जुने प्रोग्राम चालत राहावेत म्हणून जुनी मोजणीच कायम आहे.