चरित्रनट (ग्रामीण विदर्भ)

चरित्रनट : नाटक, चित्रपट किंवा दूरचित्रवाणी मालिकेत नायक-नायिका वगळता इतर ठळक पात्रे रंगवणारा आणि त्याच कामावर आपली कारकीर्द उभी करणारा नट. सहनट, सहकलाकार, सहायक अभिनेता, चरित्र अभिनेता हे शब्द कमीअधिक याच अर्थाने रूढ आहेत. या नोंदीत ‘चरित्रनट’ हा शब्द योजला आहे. ‘सहायक’ म्हटले की भूमिकेचे दुय्यमपण आधीच मान्य केल्यासारखे होते, आणि पूर्व विदर्भातील खेड्यांच्या रंगव्यवहाराला ते लागू पडत नाही.

संज्ञेचा पूर्वेतिहास : संस्कृत नाट्यशास्त्रात नायकाच्या सोबतीच्या पात्रांचा विचार बारकाईने झालेला आहे. धनंजयाच्या दशरूपकात (दहावे शतक) मुख्य कथेला जोडून चालणाऱ्या पताका-कथेचा नायक म्हणजे पीठमर्द, असे सांगून त्याच्याबरोबर विट (एखाद्या कलेत निपुण असा सोबती) आणि विदूषक यांची लक्षणे दिली आहेत. या संदर्भात भवभूतीचा उल्लेख टाळता येत नाही. सातव्या शतकाचा शेवट ते आठव्याचा पूर्वार्ध असा त्याचा काळ सामान्यतः मानतात. मालतीमाधवाच्या प्रस्तावनेत त्याने आपले कूळ विदर्भातील पद्मपूरचे असल्याचे सांगितले आहे. हे पद्मपूर कोणते, याविषयी मतभेद आहेत. त्याच नाटकाची कथाभूमी असलेल्या पद्मावतीशी ते एकच असावे, असे काहींनी सुचवले. पण पद्मावती विदर्भात नसल्याने हे मत टिकणे कठीण आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी आमगावजवळचे (जि. गोंदिया) पद्मपूर हेच भवभूतीचे गाव असल्याचे प्रतिपादन केले. तेव्हाच्या दुर्ग जिल्ह्यात सापडलेला अपूर्ण वाकाटक ताम्रपट पद्मपुराहून दिलेला आहे, हे लक्षात घेता मिराशींचे मत अधिक ग्राह्य वाटते. तसे असेल, तर आज झाडीपट्टी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलखातच हा नाटककार मुळचा होता. नटांशी आपले स्वाभाविक सख्य होते, अशी नोंद त्याने प्रस्तावनेत आवर्जून करून ठेवली आहे. त्याच्या तिन्ही नाटकांत विदूषक मात्र नाही. त्याच मातीत बाराशे वर्षांनंतर विनोदी पात्रावाचून नाटकाचे बुकिंग होणे अवघड, हा फरक नोंदवण्यासारखा आहे.

आधुनिक अर्थाने चरित्रनट ही कोटी चित्रपट पुरस्कारांमुळे स्थिरावली. फिल्मफेअरने सहायक अभिनेत्याचा पुरस्कार १९५५ पासून दिला (पहिला मान डेव्हिड यांना). राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ही कोटी १९८४ च्या चित्रपटांपासून आली.

झाडीपट्टीतील उगम : भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतील धानाच्या आणि दाट जंगलाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. (गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून, गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला, जुन्या लेखनातील ‘भंडारा-चांदा’ हे उल्लेख त्या दृष्टीने वाचावेत.) ग्रामीण विदर्भात नटाला केवळ अभिनयावर काही महिने पोट भरता येते ते मुख्यतः येथेच. त्यामुळे या प्रदेशातील चरित्रनटाची परंपरा म्हणजे बव्हंशी झाडीपट्टी रंगभूमीची परंपरा होय.

या रंगभूमीचे वय सव्वाशे ते दीडशे वर्षे सांगितले जाते. एखाद्या निश्चित वर्षाशी ते बांधणे धोक्याचे आहे. उगमाविषयी दोन विचार प्रामुख्याने मांडले जातात. पहिल्यानुसार ही रंगभूमी दंडारीतून वाढली. दंडार हा पूर्वी केवळ पुरुषांनी सादर करायचा नाच, गाणे आणि सोंगे यांचा मेळ असून दिवाळीनंतरच्या मंडईत (गावच्या जत्रेत) तो आजही दिसतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या झाडीबोलीच्या अभ्यासकांनी दंडारीकडे लक्ष वेधले आणि तिला नाट्येतिहासात जागा मिळवून दिली. दुसऱ्या विचारानुसार विष्णुदास भावे (सीतास्वयंवर, १८४३) आणि अण्णासाहेब किर्लोस्कर (संगीत शाकुंतल, १८८०) यांच्यानंतर गावोगाव पसरलेल्या संगीत नाटकाचे हे स्थानिक रूप आहे. पडदे, अंकरचना, ऑर्गनची साथ आणि नाटकाच्या आरंभीची नांदी यांचा दाखला त्यासाठी दिला जातो. पूर्वेकडे छत्तीसगडी ‘नाचा’ या लोकनाट्याची हद्द लागूनच असल्याने तिकडचा प्रभावही काहीजण सुचवतात.

चरित्रनटाच्या बाजूने पाहिले, तर दंडारीचा पक्ष जास्त पटतो. रंगमंचाचा साज संगीत नाटकाकडून आला असेल. पात्रांची वाटणी मात्र तिकडून आलेली दिसत नाही. संगीत नाटक गायक-नटाभोवती फिरते. दंडारीत आणि तिच्या शेजारच्या खडी गंमतीत (तमाशाच्या वैदर्भीय रूपात) खेळ चालतो तो सोंगाड्या, नाच्या आणि शाहीर यांच्या सवाल-जवाबावर. झाडीपट्टीच्या नाटकात रात्री दोननंतर पेंगणाऱ्या प्रेक्षकाला सावरण्याचे काम नायकाकडे नसते. ते विनोदी पात्राकडे असते, आणि ही रीत सोंगाड्याची आहे.

हंगाम आणि कामाची रीत : धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या की, म्हणजे साधारण भाऊबीजेपासून, हंगाम सुरू होतो आणि होळीच्या सुमारास ओसरतो. गावात मंडई किंवा शंकरपट (बैलांच्या शर्यती; बोलीत नुसता ‘पट’) असतो. पाहुणे आलेले असतात. दिवसा पट, रात्री नाटक. प्रयोग रात्री दहाच्या पुढे सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो. गावातील मंडळ कंपनीला ठरावीक रकमेत ‘बुक’ करते आणि तिकिटे लावते.

कंपन्यांची कचेरी वडसा (देसाईगंज, जि. गडचिरोली) येथे एकवटलेली आहे. गोंदिया-नागभीड-बल्लारशा लोहमार्गावरचे हे स्थानक गडचिरोली जिल्ह्यातील दीर्घकाळ एकमेव रेल्वेस्थानक होते. चारही जिल्ह्यांतून, तसेच नागपूरहून येणाऱ्या कलावंतांना ते सोयीचे पडले, हे या एकवटण्यामागचे साधे कारण असावे.

नट ‘नाईट’वर काम करतो, जितक्या रात्री तितके पैसे. नायक-नायिकेसाठी नागपूर, पुणे, मुंबईकडचे कलावंत बोलावण्याची पद्धत आहे आणि जाहिरातीत त्यांचे नाव मोठे असते. ते एका हंगामापुरते येतात व जातात. विनोदी, खलनायक, म्हातारा बाप, इमानी गडी, दारुडा या भूमिका मात्र स्थानिक नटांच्या हाती वर्षानुवर्षे राहतात. तालमी थोड्या, प्रयोग रोज वेगळ्या गावी; म्हणून पडद्याआडच्या प्रॉम्प्टरवर भिस्त मोठी. समोरच्या बाहेरगावच्या नायकाची ओळ सुटली, की ती सावरून घ्यायची, गावच्या ताज्या घटनेचा धागा संवादात ओवायचा आणि प्रसंग पुन्हा मूळ वाटेवर आणायचा, हे कौशल्य चरित्रनटाचे. कंपनी त्याच्यावर उभी असते असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

या कामाला मिळालेली सर्वांत मोठी सार्वजनिक पावती म्हणजे परशुराम कोमाजी खुणे यांना २०२३ मध्ये जाहीर झालेली पद्मश्री. गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा तालुक्यात राहणाऱ्या खुणे यांनी सुमारे ८०० भूमिका आणि ५,००० हून अधिक प्रयोग केल्याचे पुरस्काराच्या वेळी सांगण्यात आले. विनोदी भूमिकांमुळे लोक त्यांना विदर्भाचे दादा कोंडके म्हणत. चित्रपट नट या ओळखीवाचून, झाडीतच राहून हा मान मिळाला, म्हणून तो विशेष मोलाचा आहे.

वऱ्हाड : अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पश्चिमेकडील जिल्ह्यांत झाडीपट्टीसारखी धंदेवाईक रंगभूमी नाही. तेथील नटाची शाळा म्हणजे भजन-कीर्तन, दंडार, भारूड, गणेशोत्सवातील नाटुकली, महाविद्यालयीन स्नेहसंमेलने आणि राज्य नाट्य स्पर्धा. शेंडगावचे गाडगे महाराज (१८७६–१९५६) श्रोत्यांना प्रश्न विचारत वऱ्हाडीतून कीर्तन करीत. श्रोत्यालाच पात्र करून घेण्याची ती हातोटी या भागातील विनोदी नटांच्या बोलण्यात अजून ऐकू येते.

चित्रपट : विदर्भाची कथा पडद्यावर येते तेव्हा मुख्य भूमिका बहुधा बाहेरच्या नटाकडे गेलेली आढळते. गाडगे महाराजांवरील देवकीनंदन गोपाला (१९७७) या राजदत्त दिग्दर्शित चित्रपटात महाराजांची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी केली व ती संस्मरणीय ठरली. शेतकरी आत्महत्यांवरील गाभ्रीचा पाऊस (२००९, दिग्दर्शक सतीश मनवर) मध्ये गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी प्रमुख भूमिकांत होते. या नटांच्या गुणवत्तेविषयी प्रश्नच नाही. परंतु अशा चित्रपटांत शेजारी, सरपंच, सावकार, तलाठी या जागा स्थानिक नटाला मिळाल्या, तरी त्या एक-दोन दिवसांच्या कामाच्या असतात. नागपूरचे चळवळीतील कार्यकर्ते वीरा साथीदार यांना कोर्ट (२०१४) मध्ये मिळालेली शाहीर नारायण कांबळेची मध्यवर्ती भूमिका हा अपवाद. झुंड (२०२२) मधील नागपूरची मुले हा दुसरा. दोन्ही शहरी आहेत.

नागपुरात जन्मलेले किशोर प्रधान (मृत्यू २०१९) यांनी मुंबईत राहून मराठी रंगभूमी, दूरदर्शन आणि हिंदी चित्रपटांत छोट्या भूमिकांची दीर्घ कारकीर्द केली. जब वुई मेट (२००७) मधील त्यांचा स्टेशनमास्तर काही मिनिटांचाच, पण आठवणीत राहणारा आहे. खेड्यातील नटाला हा मार्ग सहसा बंद राहतो, त्याचे कारण पंचांगात आहे. दिवाळी ते होळी नाटक. ते संपले, की पावसाच्या तोंडावर पऱ्हे (धानाची रोपे) टाकायचे, मग रोवणी (त्यांची लावणी). धानाची शेती असलेल्या नटाला मुंबईत ऑडिशनसाठी थांबायला उरतात ते उन्हाळ्याचे दोन-अडीच महिने, आणि एकदा मालिकेत काम लागले तर हंगाम सोडावा लागतो. हंगाम सोडला की कंपनीतील जागा दुसऱ्याला जाते.

बोली : चित्रपट-मालिकांत विदर्भाच्या चरित्रनटाला बोलावणे येते ते बहुतेक वेळा बोलीसाठी, म्हणून हा भाग तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. ‘विदर्भाची भाषा’ अशी एकच बोली नाही. वऱ्हाडीत चतुर्थीचा प्रत्यय ‘ले’ (मले, तुले, त्याले), ‘का’ऐवजी ‘काहून’, चालू क्रियेसाठी ‘करून राहिला’ अशी रचना आणि ‘ळ’च्या जागी ‘य’ (डोया, काया) ही ठळक लक्षणे आहेत. झाडीबोलीत ‘ळ’च्या जागी सामान्यतः ‘र’ येतो (डोरा, कारा). ‘ण’ दोन्हीकडे ‘न’ होतो (पानी, कोन). नागपूरकडच्या बोलण्यात हिंदीची सरमिसळ अधिक.

लेखन प्रमाणभाषेत होते आणि चित्रीकरणाच्या वेळी नटाला ‘थोडं वऱ्हाडी करा’ असे सांगितले जाते. मग एकाच कुटुंबातील बाप ‘डोया’ म्हणतो आणि मुलगा ‘डोळा’; झाडीतले गाव दाखवून तोंडी वऱ्हाडी घातली जाते. प्रत्यय बदलले तरी हेल बदलत नाही. वऱ्हाडी वाक्याचा जोर शेवटच्या ‘ना’, ‘बापा’, ‘बावा’ यांवर उतरतो, आणि हे शब्द नुसते सजावटीला पेरले, की ऐकणाऱ्याला लगेच कळते. जाणता चरित्रनट अशा वेळी आपल्या वाक्याबरोबर समोरच्याचेही वाक्य दुरुस्त करून देतो. बोलीचा हा सल्ला वेगळे काम म्हणून धरला जावा आणि त्याचे नाव श्रेयनामावलीत यावे, ही अपेक्षा रास्त आहे.

याहून खोल अडचण अशी, की ही बोली हसण्यासाठीच आहे असा समज पडद्याने रूढ केला. वकील, डॉक्टर, प्रेमात पडलेला तरुण किंवा शोक करणारी आई वऱ्हाडीत बोलताना क्वचितच दिसतात. झाडीपट्टीच्या रंगमंचावर मात्र नायिकेची ताटातूट आणि बापाचा मृत्यू प्रेक्षक पहाटे चार वाजता रडत पाहतात, आणि त्यातले संवाद गावच्या कानाला परके नसतात.

दूरचित्रवाणी : मालिकांपेक्षा विनोदी कार्यक्रमांनी विदर्भाच्या नटाला अधिक जागा दिली. अमरावतीकडचे भारत गणेशपुरे फू बाई फू आणि २०१४ मध्ये सुरू झालेल्या चला हवा येऊ द्या या झी मराठीवरील कार्यक्रमांतून घराघरांत पोहोचले. त्यांनी वऱ्हाडी हेल न सोडता, तो बोथट न करता महाराष्ट्रभर ऐकवला. त्यांच्या यशानंतर वऱ्हाडी बोलणारे पात्र मागितले जाऊ लागले. ते गंभीर भूमिकांपर्यंत अद्याप फारसे पोहोचलेले नाही.

स्त्री-भूमिका : दंडार आणि खडी गंमतीत स्त्री-पात्रे पुरुषच करीत. झाडीपट्टीच्या नाटकांत पुढे स्त्रिया आल्या, त्या प्रथम बाहेरगावच्या. सासू, आत्या, शेजारीण अशा चरित्रभूमिका करणाऱ्या स्थानिक स्त्रिया आता अनेक कंपन्यांत आहेत.

सद्यस्थिती : चरित्रनटाचे उत्पन्न नाटकाइतकेच पटावरही अवलंबून आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१४ च्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या आणि पटाच्या गर्दीवर चालणारे प्रयोग अडचणीत आले. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रातील शर्यतींना परवानगी मिळाली. मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याची कायदादुरुस्ती वैध ठरवली. मधल्या २०२०-२१ च्या हंगामावर करोनाचे निर्बंध आले आणि नाईटवर जगणाऱ्यांना पर्यायी उत्पन्न नव्हते.

वृद्ध कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजना असून २०२४ पासून तिची रक्कम सरसकट दरमहा ५,००० रुपये करण्यात आली आहे. अर्जासोबत कलासेवेचे पुरावे द्यावे लागतात. चित्रपटात श्रेयनामावली असते. झाडीपट्टीच्या नटाकडे त्या जागी हंगामाची छापील पत्रके असतात, आणि ज्यांनी ती पेटीत जपून ठेवली त्यांनाच आपली चाळीस वर्षे कागदावर दाखवता येतात.